डाव्या हाताचे नऊ अभिप्राय

आप्पा,

वाचनालयाच्या चिटणिसांचा परवा फोन आला. काचीगुड्याची जागा सोडतोय, तुमच्या वडलांच्या वह्या आणि त्यांच्या पुस्तकाचा एक गठ्ठा पडलाय, नेताय का रद्दीत देऊ, असं विचारत होते. मी कुकटपल्लीहून ऑटो करून गेले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण कपाटांवर तुमच्या हातच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या. एका कपाटावर ‘कामाची पुस्तके’, दुसऱ्यावर ‘इतर’. कथा, कादंबऱ्या, कविता, नाटकं, मराठीतलं झाडून सगळं साहित्य तुम्ही ‘इतर’मध्ये कोंबलं होतं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर राहिलेला माणूस दुसरं काय करणार म्हणा. नट एका खणात, बोल्ट एका खणात आणि उरलेलं सगळं ‘इतर’. कादंबरी वाचून माणूस रडेल, पण गळका नळ काही बंद व्हायचा नाही, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. वह्या आणल्यापासून मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती पंचवीस वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती, पण तुमच्यापुढे उभं राहून खरं बोलायची आपल्या घरात पद्धतच नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर ताटात बघायचं.

आधी तुमच्या नियमाबद्दल. कामाचं पुस्तक नेलेल्या माणसानं वहीत अभिप्राय लिहिल्याशिवाय त्याला दुसरं पुस्तक द्यायचं नाही, आणि वाचल्याशिवाय अभिप्राय लिहायचा नाही. कारखाना सुटला की तुम्ही संध्याकाळी तासभर त्या टेबलाशी बसायचात, पेन दोरीनं टेबलाला बांधलेलं. लोक अक्षरशः घाम पुसत लिहायचे. काल त्या वह्या वाचताना मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली. शिवणकामाच्या पुस्तकाखाली एका बाईंनी लिहिलंय, ‘पुस्तकातल्या मापानं शिवलेलं पोलकं पुस्तकातल्याच बाईला बसेल.’ कुक्कुटपालनाखाली एकानं एवढंच लिहिलंय, ‘पुस्तक उत्तम. कोंबड्या मेल्या.’ स्पर्धा परीक्षेच्या गाइडाखाली, ‘यातले प्रश्न फार चांगले आहेत, परीक्षेत मात्र दुसरेच आले.’ आणि घरगुती वीजदुरुस्तीच्या पुस्तकावर कोण्या भल्या माणसानं सूचना केलीय, की मेन स्विच बंद करा हे वाक्य सतराव्या पानाऐवजी पहिल्या पानावर घ्यावं. प्रत्येकाखाली तुमची लाल शाईतली पोच, ‘वाचले. आभार.’ कोंबड्यांच्या खाली ‘वाचले. वाईट वाटले.’

आता माझं. बारावी झाल्यावर मला डी.एड.च्या मुलाखतीला लातूरला जायचं होतं. एकटीनं केलेला पहिला प्रवास. मधल्या जंक्शनला उतरून दुसरी गाडी धरायची, तुम्ही कागदावर लिहून दिलं होतं. मी उतरले, समोर गाडी उभी होती, चढले, खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश झाले, दशम्या खाल्ल्या, डुलकी काढली, आणि दिवेलागणीला डोळे उघडून बघते तर काचीगुडा. आपलंच स्टेशन, आपलाच पूल, खाली आपलाच इराणी हॉटेलवाला. लातूरला निघालेली मुलगी बारा तासांत जिथली तिथे. मुलाखत गेली, ते वर्ष गेलं, आणि मास्तरीण व्हायचं राहिलं ते राहिलंच. आईनं दारातच कपाळावर हात मारला. आणि तुम्ही? मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि एकच प्रश्न विचारलात, ‘गाडी कोणत्या फलाटावर लागली होती?’ मला नाही सांगता आलं. तुम्ही मान हलवलीत आणि वाचनालयाची किल्ली घेऊन निघून गेलात. आप्पा, दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर मी विसरले असते.

त्यानंतर तुमचे रविवार सुरू झाले. सकाळी पिशवी, वही, पाण्याची बाटली घेऊन तुम्ही स्टेशनवर जायचात ते कधी रात्री, तर कधी दुसऱ्या दिवशी थेट कारखान्यावर. वर्षभरानं कोठीच्या एका छापखान्यातून पुस्तक आलं. ‘गाडी बदलताना: काचीगुड्याहून मराठवाड्यात जाणाऱ्यांसाठी’. एकशे बारा पानं, पिवळं कव्हर. कुठे उतरायचं, जिना कोणता, नळ कुठे, बायकांची वेटिंग रूम कुठे. शेजारीपाजारी कौतुक करत होते आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं हे पुस्तक कशावरून निघालं ते. बापानं पोरीला एका शब्दानं बोलायचं नाही आणि मग एकशे बारा पानं बोलणी छापून आणायची, आणि वर प्रत वाचनालयात ठेवायची, असं मी मनाशी धरून बसले. तुम्ही माझी प्रत माझ्या उशाशी ठेवलीत. मी ती उचलून गाद्यांच्या खाली सारली आणि उघडायची नाही अशी शपथ घेतली. हट्टी कोणाची मुलगी आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

पण वहीत तुमच्या पुस्तकाचं पान उघडलं गेलं, वर नाव लिहिलं गेलं, आणि खाली कोरंच राहिलं. तीन महिने. लोक पुस्तक न्यायचे, प्रवास करून यायचे, आणि लेखक समोर बसलेला बघून जीभ चावायचे. तोंडावर काय लिहिणार? मग दुसरं पुस्तक नको म्हणून खालच्या मानेनं निघून जायचे. दुसऱ्या कोणाचं पुस्तक असतं तर तुम्ही त्यांना सोडलं नसतंत, पण स्वतःच्या पुस्तकाचा अभिप्राय मागायचा म्हणजे भीक मागितल्यासारखं, असं तुमचं तत्त्व. तुमच्याच नियमानं तुमच्या पुस्तकाचे वाचक पळवले. मी तेव्हा कॉलेजातून येताना वाचनालयात झाडलोट करायला यायची. रोज तुम्ही ते पान उघडायचात, फुंकर मारायचात, मिटायचात. राग असला तरी बाप आहे हो. चौथ्या महिन्यात मी तुम्ही यायच्या आत डाव्या हातानं लिहिलं, ‘एकंदरीत फार उपयुक्त पुस्तक. एक प्रवासी, परभणी.’ उघडून वाचलं नव्हतं. पुढचं कव्हर आणि मागच्या कव्हरावरची अनुक्रमणिका बघून ठोकून दिलं. त्या दिवशी तुम्ही जेवताना दोनदा भात घेतलात, आणि आईला म्हणालात की परभणीची माणसं मुळात चोखंदळ.

एकदा चटक लागली की लागली. दोन महिन्यांनी ‘एक विद्यार्थी, नांदेड’. मग ‘एक निवृत्त तलाठी’. वर्षाच्या आत नऊ झाले. पण नुसती स्तुती खोटी वाटेल म्हणून चौथ्यात मी शहाणपणा केला आणि एक उणीव काढली. ‘एकंदरीत माहितीपूर्ण, परंतु तान्ह्या मुलासाठी गरम पाणी कोणत्या स्टेशनावर मिळते हे दिलेले नाही. एक माता, हिंगोली.’ आप्पा, ते वाचून तुमचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. तुम्ही म्हणालात, बाई बरोबर बोलतेय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि पुढची तीन वर्षं, तीन, तुमची सगळी किरकोळ रजा त्या हिंगोलीच्या मातेपायी गेली. थर्मास घेऊन तुम्ही स्टेशन-स्टेशन फिरताय, प्रत्येक चहावाल्यापुढे उभे राहून लहान लेकरासाठी गरम पाणी मिळेल का म्हणून विचारताय. पन्नाशीचा माणूस, मागे ना बाई ना लेकरू. एक चहावाला म्हणे तुमच्या पाठीमागे वाकून बघायला लागला, ‘बच्चा किधर है, चचा?’ तुम्ही गंभीरपणे सांगितलंत, बच्चा बाद में आएगा. हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत आणि आम्ही का हसतोय ते तुम्हाला कळेना. मी तर हसता हसता मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. तेव्हा सांगायला हवं होतं. पण दुसऱ्या आवृत्तीसाठी तुम्ही नवी वही घातली होती, तिच्यावर नीट अक्षरात ‘गरम पाणी’ लिहिलं होतं, आणि माझी छाती झाली नाही.

वहीत मात्र दहा अभिप्राय आहेत. दहावा माझा नव्हे. ‘पुस्तक बरे आहे. लेखकाने हीं सर्व स्टेशने आपल्या पत्नीस दाखविली आहेत काय? एक वाचक, काचीगुडा.’ आईचं चौथीपर्यंतचं अक्षर, ओळ खाली घसरत गेलेली. तुम्ही पोच दिलीत, ‘वाचले. सूचना योग्य.’ आणि पुढच्याच रविवारी आईला घेऊन गेलात. ती नवी साडी नेसून गेली आणि परत आली ती तणतणत. नवऱ्यानं हौसेनं नेलं म्हणावं तर दिवसभर फलाटावरचे नळ मोजायला लावले, कायकू जायचं असल्या माणसाबरोबर, असं ती मरेपर्यंत सांगत होती. पण सांगताना आधी साडीचा रंग सांगायची.

काल हे सगळं माझ्या मुलीला वाचायला दिलं. ती कंपनीत कामाला आहे, मराठी अडखळत वाचते, बोट ठेवून. पहिल्यांदा म्हणाली, मम्मी, हे तर रिव्ह्यूच आहेत, फक्त स्टार नाहीत. आणि आता कोणती गाडी कुठे लागते ते मोबाइलवर कळतं, नाना कायकू इतके परेशान झाले? मग तुमच्या पानावर आली. दहा मिनिटं बोट फिरवत बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

‘मम्मी, एक सोडून हे सब एकाच माणसानं लिहिलंय ना? प्रत्येकात एकंदरीत आहे.’

जिला धड जोडाक्षर वाचता येत नाही तिनं दहा मिनिटांत पकडलं, आणि तुम्ही, ज्यांनी वीस वर्षं लोकांची अक्षरं तपासली, ते तीन वर्षं पाणी शोधत फिरलात. मला लाज वाटली. चिटणिसांनी वह्या देताना चाळल्या होत्या, आणि आता त्यांना वाचनालयाच्या स्मरणिकेत तुमच्या पुस्तकाचे निवडक अभिप्राय छापायचे आहेत, हिंगोलीच्या मातेचा तर चौकटीत. मी फोन करून त्यांना सांगून टाकलं, की यातले नऊ मी लिहिलेत आणि पुस्तक न वाचता लिहिलेत. ते म्हणाले, ताई, ते गरम पाण्याचं तरी ठेवू या, चांगलं जमलंय. मी नक्को म्हटलं. मग त्यांनी विचारलं, बरं, वाचून काय वाटतं ते तरी लिहून द्या. आता वाचल्याशिवाय सुटका नव्हती.

गठ्ठ्यातली एक प्रत घेऊन मी आज दुपारी बसले. खरं सांगू का, आप्पा? कंटाळवाणं आहे. जिन्यांच्या पायऱ्या मोजून दिल्यात तुम्ही. विसाव्या पानावर मला जांभई आली, तिसाव्यावर मी चहा केला. सगळं पुस्तकभर मी माझी बोलणी शोधत होते, कुठेतरी निष्काळजी प्रवासी, झोपाळू प्रवासी असं काहीतरी येईल म्हणून. एक्केचाळिसाव्या पानावर ते जंक्शन आलं. तुम्ही लिहिलंय:

‘येथे दोन्ही गाड्या एकाच वेळी समोरासमोर उभ्या असतात व उतरणाऱ्याच्या पाठीमागे पाटी येते. मी कोणास न विचारता तीन वेळा गाडी बदलून पाहिली. दोन वेळा चुकून काचीगुड्यास परत आलो. येथे चुकणाऱ्यास घरच्यांनी बोलू नये.’

आप्पा, त्या वर्षी दोन रविवारी तुम्ही संध्याकाळीच घरी आला होतात. आईनं विचारलं तर काम लवकर आटोपलं म्हणालात. मी समोर बसून तांदूळ निवडत होते, आणि मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तुम्ही त्या चुकीच्या गाडीत बसून माझ्याच खिडकीतून बघत आलात आणि हे मला सांगण्यासाठी एक पुस्तक छापलंत, कारण तोंडानं सांगायची पद्धत तुमच्याकडेही नव्हती. मी रडले. मुलगी ऑफिसातून येऊन विचारायला लागली, काय झालं, तर बोट ठेवून तिला ते पान दाखवलं. तिनं हळूहळू वाचलं, आणि शेवटची ओळ दोनदा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. चिटणिसांनाही अजून काही लिहून दिलेलं नाही. पुढची एकाहत्तर पानं राहिलीत. दुपारपासून कितीदा पुस्तक उघडलं, पण मी दर वेळी एक्केचाळीसपर्यंत येते आणि तिथेच बसून राहते. म्हणजे पुस्तक माझं अजूनही वाचून झालेलं नाही.