युनूस, कोणतं मशीन घेऊ?

प्रिय युनूस,

उद्या अकरा वाजेपर्यंत मशीनवाल्याला कळवायचंय, कोणतं घेतो ते. आपल्या दोघांच्या भागीदारीतलं फ्लेक्स छापायचं जुनं मशीन गेल्या आठवड्यात कायमचं बसलं. सल्ला द्यायला सगळा उस्मानपुरा तयार आहे, पण ज्याचं ऐकून मी निवांत झालो असतो तो तूच आता नाहीस. दोन वर्षं झाली तुला जाऊन. हे पत्र पोचणार नाही एवढी अक्कल मला आहे. तरी लिहितोय, कारण एक गोष्ट तुझ्याशी बोलल्याशिवाय मला मशीनवाल्याला कळवता येत नाही.

आधी मशीनचं सांगतो, तुलाही उत्सुकता असणारच. एक आहे दहा फुटी, सलग दहा फूट रुंद छापणारं. झपाझप छापतं, आणि शाई कडक सॉल्व्हंटची, फ्लेक्सच्या अंगात मुरणारी. बोर्ड उन्हात दोन-तीन वर्षं हूं की चूं करत नाही. दुसरं पाच फुटी. हळू चालतं, शाई सौम्य, फोटो असा येतो की माणसाच्या पापण्या मोजाव्यात. मोठा बोर्ड मात्र दोन तुकड्यांत छापून जोडावा लागतो. ब्रश ठेवून मशीनवर बसलेला पेंटर तू, तू कोणतं घेतलं असतंस?

मशीनवाला म्हणाला, हवा कोरडी असली की शाई मशीनच्या तोंडाशीच सुकते, खोलीत थोडा ओलावा पाहिजे. मला हसूच आलं. टँकरच्या वर्षी तू मशीनखाली ओलं पोतं अंथरायचास. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, आणि तू घरून प्यायला आणलेल्या बाटलीतलं अर्धं पाणी त्या पोत्यावर ओतायचास. "पहले इसकू पिलाने का, फिर मेरेकू," म्हणायचास. तुला हे कुणी शिकवलं होतं? मी कधी विचारलंच नाही.

काय वर्ष होतं ते! जिल्हा तहानलेला आणि आपण कामात बुडालेले. टँकरवर लावायच्या पाट्या, चारा छावण्यांचे बॅनर, आणि त्याच आठवड्यात बिडकीन रस्त्यावरच्या प्लॉटिंगचे बोर्ड, कारंजं आणि हिरवळ दाखवणारे. कारंजं छापता छापता तू आतून हाक मारायचास, "भगवान, ये पानी किधर से लाते रे ये लोगां?" मी म्हणायचो, "आपल्याला काय करायचंय, छाप."

आता मूळ गोष्टीवर येतो. मागच्या खोलीतला पंखा आठवतो ना, शाईच्या वासाची हवा बाहेर फेकणारा? त्या उन्हाळ्यात वावटळी सुटल्या आणि पंख्याच्या भोकातून आलेली धूळ ओल्या शाईवर बसायला लागली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर परत आला. गालांवर देवीचे वण असावेत तसा त्याचा चेहरा झाला होता. आपण पोट धरधरून हसलो, आणि मग मीच म्हणालो, पंखा बंद कर, भोकाला फ्लेक्सचा तुकडा मार. तू मारलास. खिडकीलाही मारलास. वावटळी गेल्या, पाऊसकाळ आला, पण ते तुकडे काही निघाले नाहीत. बोर्ड स्वच्छ निघत होते, मग कुणाला आठवण होणार?

मग तुझा खोकला सुरू झाला. "गर्मी की खाँसी है, जाती," म्हणायचास. ती गेलीच नाही, तूच गेलास. डॉक्टरांनी धंदा काय ते विचारलं आणि म्हणाले, शाईमुळंच झालं असं नक्की सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. पण युनूस, रागाव हवं तर, तू एकदा तरी बोलायचं होतंस की आत डोकं धरतंय म्हणून. एरवी पाटीतल्या एका वेलांटीवरून माझ्याशी दिवसभर भांडणारा माणूस तू, यातच माझं इतकं कसं ऐकलंस?

म्हणून या वेळी मशीन डोळ्यांनी नाही, नाकानं बघायचं ठरवलं. शोरूममध्ये एसी चालू, कोपऱ्यात अगरबत्ती. मी म्हणालो, अगरबत्ती विझवा, एसी बंद करा, दार लावा आणि मग छापा. पाच फुटीजवळ अर्धा तास बसून राहिलो. तिथला माणूस चक्रावला. "साहेब, प्रिंट तरी बघा."

"बघतो ना. आधी हवा बघू द्या."

वास थोडा होता, पण होता. शाईच्या डब्यावरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. खोली हवेशीर ठेवा, असं त्यावरही होतंच. म्हणजे सौम्य झाली तरी ती शाईच, गुलाबपाणी नव्हे.

दहा फुटी चालू असलेलं बघायला गंगापूरला गेलो. एक जण पत्र्याच्या शेडमध्ये ते चालवतो. दारातच माझ्या डोळ्यांना पाणी आलं. विचारलं, "वासाचं कसं करता?" तो म्हणाला, "वास? कशाचा? मला तर काय येत नाय बुवा."

मला माझे वडील आठवले. त्यांना जन्मभर मेंढरांचा वास आला नाही. मी वसतिगृहातून सुट्टीला घरी गेलो की पहिला तोच यायचा. तूही शेवटी शेवटी म्हणायचास, "कुछ नै आता रे." आणि मला वाटायचं, बरं झालं, सवय झाली.

खरी अडचण पुढंच आहे. नव्या मशीनवर तुझी लेक शबाना बसणार आहे. डिझाइनचं काम ती वर्षभर बघतेच आहे, भाभींचीही हरकत नाही. आणि तिला दहा फुटीच पाहिजे. "काका, बिडकीनकडं कंपन्या येतायत, लई मोठे बोर्ड लागतील. फोटोत चेहऱ्यावर जोड आला तर गिऱ्हाईक थांबंल का?" तिचं चुकत नाही. पण तिला पंख्याचं माहीत नव्हतं. आज दुपारी सांगितलं. भोक माझ्या सांगण्यावरून बुजवलं, हेही सांगितलं.

तिनं कॉम्प्युटर बंद केला. मला वाटलं, आता उठून जाईल, आणि गेली असती तरी मी काय म्हणणार होतो? मग म्हणाली, "मशीन तुम्हीच ठरवा काका. कोणतंपण चालंल. पण तुमचं टेबल आत घ्यायचं. मी जितका वेळ आत, तितका वेळ तुम्हीपण आत."

सोळा वर्षं मी दुकानाच्या तोंडाशी बसलो रे, गिऱ्हाईक बघतो म्हणून, रस्त्याच्या मोकळ्या हवेत. आठवडाभर माझं दहा की पाच चाललं होतं. तिनं हे म्हटल्यावर ठरवायला मला किती वेळ लागला असेल? मिनिटसुद्धा नाही. पाच फुटी. आणि स्वतःच्या नाकाशी आल्यावर इतकं झटकन ठरलं, याचीच मला लाज वाटली.

तेव्हा शब्द देतो. पंखा नवा बसवतोय, आणि त्याचं भोक माझ्या हयातीत कुणी बुजवणार नाही. जोड दिसला म्हणून एखादं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. माझं टेबल मशीनच्या आधी आत जाईल, आणि शबाना उठेपर्यंत मी तिथून उठणार नाही.

उशिरा शहाणा झालेला तुझा भागीदार,
भगवान