समुद्रातला बटाटावडा

पप्पा, मी अरबी समुद्रात बटाटावडा सोडला. खरा नाही, कॉम्प्युटरवरचा. पण चटका खऱ्यापेक्षा जास्त बसला.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत लटकलेलो, त्यामुळे आता काय करतो ते तुम्हाला कुठून माहीत असणार. एका ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर आहे. समुद्रात यंत्रं सोडलेली असतात, ती खोल बुडी मारून वर येतात आणि पाणी कुठे किती गरम, किती खारट ते कळवतात. ते आकडे मी सॉफ्टवेअरमध्ये भरतो, की स्क्रीनवर समुद्राचा ठोकळा तयार. काचेच्या पेटीसारखा, माऊसने कसाही फिरवा. गरम पाणी लाल, गार निळं. एका दुपारी कंटाळा आला म्हणून खोल निळ्या पाण्यात मधेच आकडे वाढवले, तर मस्त गोल लाल वडा झाला. वड्याला मीठ हवं म्हणून खारटपणाही वाढवला. शेजारचा ऑपरेटर हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. मग चहाला गेलो आणि पुसायचं राहिलं.

सकाळी बघतो तर आमच्या मॅडम त्या वड्यासमोर बसलेल्या. शास्त्रज्ञ आहेत, त्यात नारायण पेठेतल्या, शब्द वाया घालवत नाहीत. "बघ, गरम आहे, पण खारट म्हणून जड. त्यामुळे खाली जाऊन बसलंय." मीठ घातलं नसतं तर त्यांना तिथेच संशय आला असता. "आकडे तूच भरलेस ना? नीट?"

मी म्हणालो, "हो मॅडम."

तुम्ही काकांच्या चहात मीठ टाकायचात, पण दुसऱ्या घोटाच्या आत सांगून टाकायचात. लांबली की ती थट्टा राहत नाही, म्हणायचात. अजून दिसतं मला, खडकीच्या फॅक्टरीचं गेट, तुम्ही काडेपेटी जमा करताय आणि मला सांगताय, "थट्टापण इथेच ठेवायची. आत न्यायची नाही." आत दारूगोळा होता, ते ठीक. आमच्याकडे काय, चित्रं. चित्राने कोण मरतंय, असं वाटलं मला.

मॅडम रोज त्या वड्यावर लिहीत बसायला लागल्या. डबासुद्धा तिथेच खायच्या. परवा म्हणाल्या, सोमवारी हे बाहेरच्या लोकांना दाखवायचंय. मग मात्र सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वडा. बरं. आणि चटणी कुठे ठेवलीयेस?"

मला हसू आलं, मग कळलं की त्या खरंच विचारतायत.

"आणखी कुठे हात लावलायस?"

"कुठेच नाही मॅडम."

आता त्या माझे सगळे जुने ठोकळे परत मूळ आकड्यांशी ताडून बघतायत. एकट्या. मी शेजारी बसून असतो, मला काही सांगत नाहीत. साधं "उठ"पण म्हणत नाहीत.

पप्पा, चटणी आहे. तुम्ही समुद्र कधी बघितलाच नाहीत. फॅक्टरीची अलिबागची सहल गेली तेव्हा तुमची ड्युटी होती. म्हणून मला जमलेल्या पहिल्या ठोकळ्यात मी तळाशी तुमचा एक ठिपका ठेवलाय. त्याला ना गरमी, ना मीठ. वरून दिसत नाही, ठोकळा उलटा करून खालून बघितलं तरच दिसतो. मॅडम तिथे पोचतीलच. त्याआधी पुसायला हात धजत नाही, आणि सांगायला तोंड उघडत नाही.

हे कागदावर लिहिलंय, डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवतोय. आई म्हणते तुम्ही तिच्या स्वप्नात येता. आलात तर दुसरं काहीही बोला, हे तेवढं सांगू नका. तिलाच काय, कुणालाच नको, पप्पा. प्लीज.