आवाज फाटतो ते गाणं

राबिघ, सौदी अरेबिया, गुरुवार, २००६

आज आमच्या कंपाउंडच्या, म्हणजे परदेशी कुटुंबांच्या वसाहतीच्या, हॉलमध्ये बायकांच्या दर गुरुवारच्या पार्टीला मी ती दुर्मिळ सोल रेकॉर्ड लावली, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आर्त गाण्यांची. सौदी सोडून मायदेशी गेलेल्या अमेरिकन शेजारणीने दिलेली. गायिका कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज जरासा फाटतो, आणि मला तिथेच भरून येतं.

पण तिथवर पोचतोय कोण? नाचणाऱ्या सगळ्या आधीच खुर्च्यांवर जाऊन बसल्या. त्यांच्यातली शुभा ओरडली, "ताई, कुणाची ही रडारड? आपली नेहमीची जुनी लावा! नाहीतर पुढच्या गुरुवारी गाणी मी लावते."

मी रेकॉर्ड काढली. का काढली?

आणि याच बायका हळदीकुंकवाला कुणी जुना उखाणा घेतला की, "ऐकलाय, नवा घे!" म्हणून गलका करतात. नवरा तोच, उखाणा मात्र नवा हवा!

घरी आल्यावर शुभाला फोन केला. म्हटलं, "गाणी मीच लावणार. दोन तुमची, मग एक माझं. आणि ते पुरतं वाजणार, आवाज फाटतो तिथपर्यंत तरी."

"आणि कुणी नाचलंच नाही तर?"

"मी नाचेन."

बोलून तर बसले. चारचौघींत आजवर कधी नाचले नाही. उद्या दार लावून सराव करायचा.