मतदानाचा सोबती

लोणारजवळ, ३ मे

ती. वंदनाताईस,
कोकिळाचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, असं लिहवत नाही. सहलीच्या नावाखाली आम्हा नगरसेवकांना या शेतघरात आणलं अन् उतरल्याबरोबर मोबाईल काढून घेतले. विधान परिषदेचं मतदान होईपर्यंत फाटकाबाहेर जायचं नाही म्हणतात. रोज गुलाबजाम वाढतात. मी ताट तसंच परत पाठवते.

काल हे येऊन गेले. म्हणाले, मतपत्रिका वाचता येत नाही असं तू मतदान केंद्रावरच्या साहेबापुढं सांग, मग मी सोबती म्हणून आत येतो अन् तुझं मत मीच टाकतो. मामंजींनी आम्हाले इथं आणणाऱ्या पक्षाले तसा शब्द देऊन ठेवला आहे. त्याईले बाजार समितीचं सभापतिपद कबूल झालं म्हणे. मी दहावी पास आहे म्हटलं, तर हे म्हणाले, मग माहेरीच जाऊन मास्तरीण हो.

ताई, काय करू? इथल्या स्वयंपाकीण शालूबाई बीबी गावच्या. त्यांचा जावई तुमच्या बाजाराले येते, त्याच्याजवळ उत्तर दे. माया करतेसच, आता धीरही दे.

तुझी कोकिळा


साखरखेर्डा, ५ मे

चि. कोकिळास,
वंदनाताईचे अ. उ. आ.

पत्र वाचून तुझे भाऊजी जीप काढून निघालेच होते. मीच अडवलं, फाटकावर भांडण झालं तर राग तुझ्यावर निघायचा.

परिषदेच्या साधारण एक तृतीयांश जागा घटनेनं नगरपालिका, जिल्हा परिषदांच्या सदस्यांच्या मतावर ठेवल्या आहेत. सदस्य तू आहेस, तुझे यजमान भागवतराव नाहीत. पण मी दूर बसून शहाणपण शिकवून राह्यली. त्या घरात राहणं तुले आहे. तू मान तुकवली तरी मी बोल लावणार नाही. नाही तुकवली, तर सरळ इकडं ये, काऊन आली म्हणून कोणी विचारणार नाही.

जिवाले जप. तुझ्या वाटेकडं डोळे लावून,
वंदनाताई


देऊळगाव राजा, १९ मे

ती. वंदनाताईस,
सा. न. वि. वि.

मतदानाच्या दिवशी हे माझं कोपर धरूनच आत आले. वाचता येते का, साहेबानं विचारलं. यांनीच सांगून टाकलं, येत नाही. साहेबानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवर लावलेली उमेदवारांची नावं वाचायले लागली, मोठ्यानं, सगळी. साहेबानं यांना बाहेर काढलं. मत कोणाले दिलं, हे तुलेही सांगणार नाही.

बाहेर आली तर यांची जीप मले सोडून निघून गेली होती. उन्हातानात पायी घरी आली.

निवडून आम्हाले कोंडणाऱ्यांचाच माणूस आला. सभापतिपद मात्र दुसऱ्याले देतात म्हणे. मामंजी माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. तुझ्याकडं यायले पिशवी भरली होती, पण काल नगरपालिकेची सभा होती. दरवेळी माझ्याऐवजी हेच जाऊन बसतात अन् बोलतात. काल सभेले जायले उठलेच नाहीत. मी एकटी गेली. आमच्या गल्लीच्या पाण्यावर मीच बोलली.

संध्याकाळी यांनी ताटावर बसल्यावर खाली मान घालून विचारलं, सभेत काय झालं? आजवर ते मीच त्याईले विचारत होती.

भरलेली पिशवी अजून रिकामी केली नाही. तुझी माया असू दे.

कोकिळा