वानराचा दहावा

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

मारुतीच्या पारासमोर विजेची तार लागून वानरीण मेली. तिची टोळी अर्धा तास जागची हलली नाही. पिल्लू भिंतीवर एकटं ओरडत होतं, तर दुसऱ्या मादीनं ते उचलून छातीशी धरलं. तिसरी येऊन तिच्या पाठीवरचे केस विंचरत बसली. मी कॉलेजात हेच शिकवते, पण इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

मग गाव जमलं. हार, गुलाल, बँड! तिरडीला खांदा द्यायला रेटारेटी. सगळ्यात पुढं दगडोबा.

घरी येऊन पातेलं आपटलं. दुसरं काय करणार?

९ फेब्रुवारी

बापू गेले त्या दिवशी याच गावात माझ्या बापाला चौथा खांदा मिळाला नव्हता. आठ महिने झाले. सरपंचाच्या भावानं सालगड्याला मारलं, ते बापूंनी कोर्टात खरं सांगितलं, एवढाच गुन्हा. गावानं बोलणं टाकलं. शेजारचे ताहेरचाचा, त्यांचा अम्मार आणि मी – तिघं. चौथा माणूस चाचांनी फोन करून नायगावहून बोलावला!

दगडोबा बापूंच्या बांधाला बांध असलेला. लहानपणापासूनचे जोडीदार. एका पुडीतली तंबाखू खायचे दोघं. त्यानं त्या दिवशी दाराला आतून कडी लावली. कडीचा आवाज मी ऐकलाय. तेव्हापासून त्याला काका म्हणत नाही, म्हणणारही नाही.

१२ फेब्रुवारी

विज्ञान दिनाचं भाषण लिहायला बसले. विषय मीच मागून घेतला – माणसाची नीती कुठून आली. दुसऱ्याचं दुखणं कळणं हे पोथ्यांच्या कितीतरी आधीचं आहे, असं लिहिलं. पिल्लं सांभाळता सांभाळता, एकमेकांच्या आधारानं जगता जगता अंगात मुरलेलं.

आणि पुढं लिहिलं, की ते टोळीपुरतंच असतं. टोळीबाहेरचा मेला तर मेला. हे लिहिताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

चाचा म्हणाले, "बेटा, गुस्सा थूक दे." म्हटलं, कुठं थुंकू? सगळं गावच पडलंय.

१४ फेब्रुवारी

वानरिणीचा दहावा सोमवारी. आमच्या घरीही निरोप आला – वानरासाठी! बापूंच्या दहाव्याला मी आणि कावळा होतो फक्त.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जाणार नव्हते. कॉलेजहून येताना रस्ता ओढ्यावरूनच, म्हणून स्कूटी थांबवली. अकरा जणांनी डोकी भादरून घेतलेली. पानावर पिंड, केळी, भिजवलेले हरभरे आणि – तंबाखूची पुडी! वानराला तंबाखू! दगडोबानं ठेवली म्हणे. म्हाताऱ्याला चळ लागलाय.

कावळा शिवेना. सरपंच म्हणाला, पिल्लू आम्ही सांभाळू. नाही शिवला. कुणी म्हणालं, तारा बदलून घेऊ. तरी नाही. शेवटी दगडोबा गुडघ्यावर बसला, पिंडाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. कावळा आला! लोकांनी हात जोडले. कावळ्याला भूक लागली की येतो, एवढंही कळत नाही यांना.

उद्या त्याच्या दारात जाऊन बोलणार आहे. काय काय बोलायचं तेही ठरवलंय.

१८ फेब्रुवारी

गेले. ओसरीवर एकटाच होता. म्हटलं, माझ्या बापाला कडी लावलीस आणि वानरासाठी डोकं भादरलंस? लाज नाही वाटत? त्यानं बोडक्या डोक्यावरून हात फिरवला.

"तवा भ्यालो, पोरी. केस द्यायचे राहिले माझे. काल वानराच्या आडून दिले."

मी विचारलं, पिंडाशी काय पुटपुटलास?

"व्यंकटीचं नाव घेतलं. तवा शिवला."

व्यंकटी म्हणजे बापू. त्यांना त्या नावानं हाक मारणारं आता तेवढं एकच तोंड उरलंय.

माफ नाही केलं. पण दगडूकाकाच्या डोक्याला वस्तरा लागला होता, रक्त सुकलेलं. आत गेले, डब्यातली हळद आणली आणि लावली.