चेंबूरला पाठवलेला फोटो

३ नोव्हेंबर १९५७, रविवार. मुलुंड.
आजपासून फक्त पोर्ट्रेट. झाडं, गाई, देवळं बंद. ज्याला माणसाचा चेहरा घेता येत नाही त्याने कॅमेरा मोरीत बुडवावा. माझा सेकंडहँड असला तरी जर्मन आहे. अंतराचा आकडा हाताने लावावा लागतो. लोक टेप घेऊन मोजत बसतात. आपली नजर हाच टेप. गुरू केला नाही, करणार नाही. स्टेशनसमोरचा जयवंत स्वतःला फोटोग्राफर म्हणवतो आणि पांढरी चादर धरून तोंडावर उजेड पाडतो. चादर! फोटो काढतो की गादी घालतो?

५ नोव्हेंबर
आईला बसवलं. ऐन वेळी डोळे मिटले. म्हणे, देवासमोर मिटतात तसे मिटले. मी ओरडलो. ती उठून भाजी निवडायला गेली. या घरात कलेला काडीची किंमत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
समोरच्या गॅलरीत भाऊ टिपणिसांची प्रेमा रोज साड्या वाळत घालते. आज तिच्यावर कॅमेरा लावला. अभ्यास म्हणून. चाळीत उजेड तिच्याच गॅलरीत चांगला पडतो, त्याला मी काय करणार? आकडा वीस फुटांवर. बटण दाबायच्या आत ती आत गेली, पण जाताना हसली. माझी धाकटी बहीण कुंदा म्हणाली की तुझा शर्ट उलटा आहे म्हणून हसली. जळते मेली.
ठरवलं. कुंदाला एकदा उजवली की आईला टिपणिसांकडे धाडायचं. आधी बहीण, मग आपण. रीत म्हणजे रीत.

१३ नोव्हेंबर
श्यामसुंदरमामा स्थळ घेऊन आले. चेंबूरचे कारखानीस. मुलगा अनंत, बँकेत. पत्रिका जुळते. आता फोटो हवा, लगेच. कुंदा म्हणाली, जयवंतकडे जाते. घरात फोटोग्राफर असताना बहीण त्या चादरवाल्याकडे? साफ नाही म्हणालो. ती म्हणाली, माझ्या जन्माचा प्रश्न आहे रे, तुझ्या हौसेचा नाही. कडाक्याचं भांडण. आई गप्प राहिली. म्हणजे माझ्या बाजूने.

१७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.
फोटो झाला! आमच्या गॅलरीत स्टूल, त्यावर कुंदा, अंगावर आईचा शालू. 'हसा' वगैरे जयवंती चाळे नाहीत. म्हटलं, काहीतरी दुःखाचं आठव. म्हणाली, आठवायला कशाला हवं, तू समोर उभा आहेस. आईने शिवणाचा टेप आणून दिला, अंतर मोज म्हणाली. टेप भिरकावला. कॅमेरा गेल्या रविवारपासून तयारच होता, आकडासुद्धा लावलेला. काही हलवलं नाही. पलीकडे प्रेमा साडी वाळत घालत होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१८ नोव्हेंबर
रजा टाकली. मोरीच्या दाराला गोधडी लावून फिल्म धुतली. औषध आईच्या परातीत. आता त्या परातीत पुन्हा कणीक मळणार नाही म्हणते. मळू नकोस!
छाप झकास. कुंदा जरा सॉफ्ट आली आहे. परदेशात असंच करतात, मासिकात वाचलंय. आईने विचारलं, चुलीचा धूर मधे आला का रे? कुंदा किंचाळली की हे माझं भूत आहे, हे पाठवलंस तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. पाकीट स्वतः पोस्टात टाकून आलो. अडाण्यांना विचारून कला होत नाही.

२७ नोव्हेंबर
विजय! मामा आले. चेंबूरकरांना फोटो फार आवडला. आईला म्हटलं, ऐकलंस? बोलणं बंद केलेल्या कुंदानेसुद्धा चहा टाकला.
मामांनी चहा संपवला. मग म्हणाले, फोटोत मागे जी मुलगी साडी वाळत घालते आहे ती कोणाची? नाक, डोळे, हातातली बांगडी, सगळं कसं स्वच्छ दिसतंय. लग्नाची असेल तर कारखानीस विचारताहेत.
कुंदा आधी हसत सुटली, मग रडली. मी म्हणालो, तिचं ठरलंय. मामा म्हणाले, कोणाशी? मी कॅमेरा पुसायला घेतला. मामा चपला घालून सरळ समोर टिपणिसांकडे गेले. असले मामा शत्रूला मिळोत.

१ डिसेंबर, रविवार
कुंदा जयवंतकडे जाऊन फोटो काढून आली. मला विचारलंसुद्धा नाही.

८ डिसेंबर, रविवार
प्रेमा पसंत. भाऊ आमच्याकडे निगेटिव्ह मागायला आले, मोठा फोटो करून घ्यायचाय म्हणे. मी म्हटलं, हरवली. आईने तांदळाच्या डब्यातून काढून दिली. घरचीच माणसं उलटतात.
मागोमाग प्रेमा आली. म्हणाली, विद्याधरदादा, माझा इतका चांगला फोटो कोणी काढला नव्हता, कसा काढलात? दादा! मी म्हटलं, अभ्यास.

१२ जानेवारी १९५८, रविवार
कुंदाचं ठरलं. घाटकोपरचे गुप्ते. जयवंतचा फोटो बघूनच होकार अर्धा झाला होता. तो फोटो तिने फळीवर माझ्या कॅमेऱ्यापुढे उभा केलाय. मुद्दाम. गालाची बाजू उजळ आहे, पण ती चादरीमुळे. त्याला कला म्हणत नाहीत.
माझा रस्ता आता मोकळा. कुठे जायचं ते राहिलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
प्रेमाचं लग्न. कॅमेरा घेऊन गेलो. वधूवरांचा फोटो मीच घेणार, असं भाऊंना बजावून ठेवलं होतं. बघतो तर मांडवात जयवंत, तिपाईसकट. भाऊ म्हणाले, तू घरचाच ना रे, तू जेव.
चादर धरायला जयवंतकडे माणूस नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. तेवढ्यात प्रेमा बसल्या जागेवरून म्हणाली, विद्याधरदादा, धरा ना.
धरली. जयवंत म्हणाला, अजून जवळ या. अजून. जरा वर. तिच्या गालावर उजेड आला. खरंच आला. हात पुढे केला असता तर शालूला लागला असता, इतका जवळ होतो.
फोटो चांगला येणार. मी त्यात नाही.