घसरले ते टायर

बाबा,

गाडी जागेवर दिसली नाही म्हणून घाबरू नका, टायर बदलायला मीच नेली आहे. किल्ली तुम्ही आईच्या शिवणाच्या डब्यात लपवली होती, ती पहिल्याच झटक्यात सापडली.

उतारावर गाडी घसरली त्या दिवसापासून तुम्ही "आता माझं वय झालं" म्हणत स्टिअरिंगला हात लावत नाही. खरं सांगू? ते उन्हाळी टायर मी निवडले होते, एका चार्जमध्ये बारा किलोमीटर जास्त मिळतात म्हणून. थंडीत त्यांचं रबर कडक होऊन पकड सुटते, हे बघायचं माझ्याकडून राहिलं. म्हणजे घसरले ते टायर, तुम्ही नाही! सॉरी, बाबा.

आता बारमाही टायर घेतेय, बॅटरीचं वजन पेलणारे. ते बारा किलोमीटर गेले उडत.

चार वाजता ताईला आणि बाळाला हॉस्पिटलमधून सोडणार आहेत. ताईने बजावलंय, "बाबा चालवणार असतील तरच मी बसेन. तू वळणावरसुद्धा गणितं मांडत बसतेस."

तीनला खाली हॉर्न वाजवीन. लांबचा चष्मा घेऊन या. मी मागे बसणार आहे, बाळाशेजारी.